कामगारांची मुले आणि संगणकविद्या



संगणक चालवणे ही एक गोष्ट आणि संगणक जाणणे ही दुसरी. कळ दाबली की माग सुरू होतो. पण तो थांबला का, हे कळ दाबणाराला सांगता येईलच असे नाही. आपल्या वस्त्यांतली मुले दोन-तीन महिन्यांच्या वर्गाला पैसे भरून जे शिकतात ते बहुधा चालवणे असते. तंत्रनिकेतनात किंवा महाविद्यालयात शिकायचे ते जाणणे होय. हा फरक पोटापाण्याचा आहे, म्हणून तो नीट समजून घेऊ.

पहिला पाठ आकड्यांचा. संगणकाच्या पोटात दोनच खुणा चालतात, एक आणि शून्य. आपला पाच तेथे १०१ असा लिहितात. म्हणजे एक चार, शून्य दोन आणि एक एक. अशी आठ घरे मांडली की २५६ निरनिराळ्या जुळण्या होतात. अक्षरे, चित्रे, पगारपत्रक, सारे अशा जुळण्यांतूनच उभे राहते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कामाला लागलेला संगणक निर्वात नळ्यांचा होता. आज खिशातल्या फोनमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. साधने बदलली, तत्त्व तेच राहिले. तत्त्व शिकलेल्या माणसाला नव्या यंत्राचे भय वाटत नाही, ते यामुळेच.

दुसरा पाठ ऑपरेटिंग सिस्टिमचा. ही संगणकातली मुकादम समजा. कामे अनेक, यंत्र एक. मग पाळी कोणाला द्यायची? केवळ महत्त्वाची कामे आधी घेतली, तर सामान्य काम रांगेत कायमचे ताटकळते. या अवस्थेला पाठ्यपुस्तकांत उपासमार असेच म्हणतात! तिच्यावरचा उपायही तेथेच सांगितलेला असतो: जो जितका अधिक थांबला, त्याचा हक्क तितका वाढवावा. सेवाज्येष्ठतेसाठी भांडणाऱ्या आपल्या मंडळींना हे वेगळे शिकवावे लागणार नाही. आणखी एक कोंडी असते. एकाने फाईल धरली, दुसऱ्याने छपाईयंत्र. दोघांनाही दोन्ही हवीत आणि सोडायला कोणीच तयार नाही. साधने ठराविक क्रमानेच घ्यावीत असा नियम केला की ही कोंडी होतच नाही.

आता मुद्द्यावर येतो. यंत्रातली पाळी नियमाने ठरते आणि तो नियम माणूस लिहितो. आज घरोघर जिन्नस पोहोचवणाऱ्या पोराला काम कोणते मिळणार, हे फोन सांगतो. त्याने विचारले तर उत्तर मिळते, 'सिस्टिमच तशी आहे.' ज्याने ही विद्या घेतली तो लगेच विचारील, 'नियम कोणता, आणि तो बदलायला काय हरकत आहे?' १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात यंत्रे बसवण्याविषयी करार झाला. यंत्र हाही वाटाघाटीचा विषय होऊ शकतो, हे त्यातून सिद्ध झाले. पण वाटाघाटीला बसणाराला यंत्र कळले पाहिजे.

वाटा अनेक आहेत. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत संगणकचालकाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका आहे. ती घेतल्यावर अभियांत्रिकीच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. बारावी विज्ञानानंतर चार वर्षांची पदवी आहेच. कोणत्याही वाटेने जा, गणित आणि तर्क यांचा पाया पक्का करा. इंग्रजी शब्द अडतील. ते वापराने रुळतात. माग, लेथ, मोटर हे शब्द आपल्या आज्यांनी कोणत्या शाळेत पाठ केले होते?

मुलीला मागे ठेवू नका, आणि मुलाने नुसते टंकलेखन शिकून यावे यात समाधान मानू नका. यंत्रावर हात आपला आहेच. आता त्याच्या नियमावरही आपली नजर असली पाहिजे.