मिठाची टाकी आणि पोकळ शिल्लक

बदलीनिमित्त बंगळूरला आलो आणि बोअरवेलच्या दुष्फेन पाण्याने वर्षभरातच गिझर निकामी केला. मग वॉटर सॉफ्टनर बसविला. त्यातील रेझिनचे मणी पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि सोडियम सोडतात. मिठाच्या द्रावणाने धुतले की पुन्हा कार्यक्षम होतात.

तरीही एके दिवशी साबणाला फेस येईना. टाकीत तर मीठ दिसत होते! लाकडी दांडा हलकेच घातला, तेव्हा कडक थराखाली पोकळी निघाली. खात्यात शिल्लक दिसावी, पण काढता येऊ नये, तसाच हा प्रकार. थर फोडला, तळाचा गाळ धुतला आणि आयोडीनविरहित जाडे मीठ अर्ध्या टाकीपर्यंतच भरले. आता दरमहा दांडा घालून पाहतो. आईला रक्तदाबाचा त्रास असल्याने पिण्याच्या पाण्याचा नळ मात्र सॉफ्टनरच्या अलीकडूनच घेतला आहे. तुळशीलाही तेच पाणी.