वाकलेल्या हँडलच्या आत

पावसाळ्यात ऐरोलीतल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये सकाळी सकाळी एखादी मोटरसायकल आडवी पडलेली हमखास दिसते. रात्रभरच्या पावसानं पेव्हर ब्लॉकखालची माती मऊ होते, साइड स्टँडचा पाय रुतत जातो आणि कधीतरी गाडी डावीकडे कलंडते. दीडशे सीसीची गाडी साधारण १४० किलोची. पडताना तिचा गुरुत्वमध्य वीसेक सेंटिमीटर खाली आला असं धरलं, तरी पावणेतीनशे ज्यूल ऊर्जा मोकळी होते. २८ किलोचं वजन एक मीटर उंचीवरून टाकलं तर होईल तेवढी. ती झेलायला सगळ्यांत पुढे असतात फूटरेस्ट आणि हँडलचं टोक. फूटरेस्टची दांडी आखूड आणि जाड. वाकतं ते हँडल.

गाडी उचलल्यावर मालक आधी आरसा बघतो, क्लचची लिव्हर बघतो. हँडलचं कळतं ते दोन दिवसांनी, मुलुंडच्या पुलावर डावा हात उगाच उंच वाटायला लागतो तेव्हा. नाक्यावरचा मेकॅनिक म्हणतो, "पाइप घालून सरळ करून देतो, नवीन कशाला घेता?" आणि पाइप घालून जोर दिला की हँडल खरंच सरळ दिसायला लागतं. मग नवीन का घ्यायचं? या प्रश्नाचं उत्तर धातूच्या इतक्या खोल आत दडलेलं आहे, की ते सापडायला विसावं शतक उजाडावं लागलं.

धातूत अणू शिस्तीत रांगा करून बसलेले असतात. नळी कायमची वाकते, म्हणजे अणूंचा एक थर दुसऱ्या थरावरून सरकतो. असा अख्खा थर एकदम सरकवायला किती जोर लागेल, याचा हिशेब याकोव फ्रेंकेल या रशियन भौतिकशास्त्रज्ञानं १९२६ मध्ये मांडला. उत्तर आलं ते प्रत्यक्षात लागणाऱ्या जोराच्या कित्येक पट. शुद्ध, मऊ धातूंच्या बाबतीत तर हजारो पट. त्या हिशेबानं पार्किंगमध्ये पडून कुठलंही हँडल वाकायलाच नको होतं.

१९३४ मध्ये जेफ्री टेलर, एगॉन ओरोवान आणि मायकेल पोलान्यी या तिघांनी आपापल्या ठिकाणी काम करून एकच उलगडा केला. थर एकदम सरकतच नाही. मोठी सतरंजी ओढून सरकवायला दम लागतो, पण एका टोकाला चुणी पाडून ती पायानं रेटत दुसऱ्या टोकाला नेली की सतरंजी तेवढी पुढे गेलेली असते. धातूच्या रचनेत अशा चुण्या जागोजागी असतात. शास्त्रज्ञ त्यांना डिसलोकेशन म्हणतात. हँडल वाकतं तेव्हा या चुण्यांच्या रेषा अणूंच्या रांगांमधून धावत सुटतात आणि धावता धावता नव्या रेषांना जन्म देतात. चांगल्याच वाकवलेल्या धातूच्या एका घन सेंटिमीटरमधल्या सगळ्या रेषा एकापुढे एक ठेवल्या, तर लांबी दहा लाख किलोमीटरच्या घरात जाते. चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,००० किलोमीटरवर आहे. म्हणजे त्या चिमूटभर पोलादात चंद्रावर जाऊन परत येण्याइतका गुंता भरलेला असतो, आणि वरून क्रोम चकाकत असतं!

हा गुंताच पुढचा सगळा घोळ करतो. रेषा एकमेकींत अडकल्या की वाकलेली जागा आधीपेक्षा कडक होते. म्हणून हँडल सरळ करायला गेलं, की ते नेमकं वाकलेल्या जागी सरळ होत नाही. शेजारच्या मऊ भागात उलटं वाकतं. नीट निरखून पाहिलं तर सरळ केलेल्या नळीत एक पुसटसं नागमोडी वळण दिसतं. शिवाय वाकलेल्या जागी नळीचं गोल तोंड चपटं, लंबगोल झालेलं असतं, आणि ते उलट जोर देऊन पुन्हा गोल होत नाही. तापवून सरळ केलं तर गुंता सुटतो खरा, पण तिथलं पोलाद मऊ पडतं. पुढच्या वेळी घाव तिथेच बसणार.

ॲल्युमिनियमचं हँडल तर कधीच तापवू नये. १९०६ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांच्या लक्षात आलं, की तांबं आणि मॅग्नेशियम मिसळलेलं ॲल्युमिनियम तापवून थंड केलं आणि नुसतं ठेवून दिलं, तर काही दिवसांत ते आपोआप कडक होतं. आतल्या आत सूक्ष्म कण तयार होतात आणि धावणाऱ्या रेषांना अडवून धरतात. आजच्या मजबूत ॲल्युमिनियम हँडलची ताकद अशाच कणांची असते. गॅसची ज्योत लावली की हे कण वाढून विस्कटतात आणि ताकद निघून जाते. पोलाद लाल होऊन इशारा तरी देतं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तोवर रंगही बदलत नाही. त्यात पोलादाला पुन्हा पुन्हा येणारा थोडा ताण वर्षानुवर्षं सोसता येतो, ॲल्युमिनियमला प्रत्येक लहानमोठा ताण हिशेबात धरावा लागतो. म्हणून माझं मत ठाम आहे: वाकलेलं हँडल, विशेषतः ॲल्युमिनियमचं, भंगारात जावं.

आता नवीन हँडल हातात घेऊन बघा. ग्रिपच्या जागी त्याचा बाहेरचा व्यास जवळपास नेहमी २२.२ मिलिमीटर भरेल. हा विचित्र आकडा म्हणजे सात अष्टमांश इंच. सायकलच्या ग्रिपची जागाही तेवढीच असते, कारण पहिल्या मोटरसायकली म्हणजे इंजिन बसवलेल्या सायकलीच होत्या. इंच मागे पडला, पुण्यात, जपानमध्ये, चेन्नईत कारखाने उभे राहिले, पण लिव्हरचा पट्टा आणि स्विचची डबी त्याच मापावर बसत राहिली. हार्ले डेव्हिडसनसारख्या थोड्या गाड्या तेवढ्या एक इंचाच्या नळीवर अडून आहेत.

आणि ती नळीच का, भरीव सळई का नाही? पक्ष्यांची हाडं आणि बोरू पोकळ असूनही मजबूत का, हा प्रश्न गॅलिलिओनं १६३८ च्या आपल्या ग्रंथात घेतला होता. वाकताना सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या कडेला येतो. मधला धातू नुसता बसून असतो. २२.२ मिलिमीटर व्यासाची, अडीच मिलिमीटर जाडीची पोलादी नळी घ्या. तेवढ्याच वजनाची भरीव सळई केली तर ती १४ मिलिमीटरचीच होईल, आणि नळी तिच्या चौपट ताठ असेल! मधला धातू काढून बाहेर नेला, बाकी काही केलं नाही.

हाच हिशेब जाड हँडलच्या मुळाशी आहे. दुकानात 'फॅट बार' म्हणून जे मिळतं, ते मध्यभागी २८.६ मिलिमीटरचं असतं आणि टोकांकडे निमुळतं होत पुन्हा २२.२ वर येतं. ॲल्युमिनियमचा ताठपणा पोलादाच्या एक तृतीयांश. त्याच मापाची ॲल्युमिनियम नळी लवलव करेल. पण व्यास २८.६ आणि जाडी चार मिलिमीटर केली, की ती पोलादी नळीइतकीच ताठ होते आणि वजन तीस टक्क्यांनी कमी राहतं. मात्र घेण्यापूर्वी आपल्या गाडीचा क्लॅम्प किती व्यासाचा आहे ते मोजा. २२ च्या क्लॅम्पमध्ये २८ ची नळी बसत नाही. त्यासाठी वेगळा क्लॅम्प लागतो. आणि गाडीत कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत, तेव्हा आकार मूळच्या जवळपास ठेवलेला बरा.

रुंदीचा परिणाम हाताला लगेच कळतो. ७० सेंटिमीटरच्या जागी ७६ चं हँडल आलं, की तेवढ्याच वळणाला आठ टक्के कमी जोर लागतो. आणि हा जोर आपण कुठल्या दिशेला लावतो, हे तर बहुतेक चालवणाऱ्यांना ठाऊकच नसतं. वेगात असताना डावीकडे वळायचं तर डावी ग्रिप पुढे ढकलावी लागते. चाक क्षणभर उजवीकडे जातं, टायरचा जमिनीवरचा टेका गाडीखालून उजवीकडे सरकतो, गाडी डावीकडे झुकते आणि मग वळते. विमान उडवण्याआधी सायकली बनवणाऱ्या विल्बर राइटनं सायकलस्वारांना विचारून पाहिलं होतं, डावीकडे वळताना तुम्ही नक्की काय करता? बरोबर उत्तर जवळजवळ कुणालाच देता आलं नाही. शरीराला येतं ते डोक्याला माहीत नसतं. ठाणे-बेलापूर रस्त्यावर रोज हजारो हात हे करतात.

घरी हँडल बदलायला एलन की, पाने आणि टॉर्क पाना लागतो. आधी खात्री करा की दोष हँडलचाच आहे. पुष्कळदा हँडल सरळ असतं, फोर्क क्लॅम्पमध्ये पिळलेले असतात. हँडल सोडवून काचेच्या टेबलावर ठेवलं आणि दोन्ही टोकं सारख्या उंचीवर आली नाहीत, तर नळीच वाकलेली आहे. टाकीवर जुनी गोधडी टाका. ब्रेक ऑइलचा थेंब रंग खातो. पुढच्या ब्रेकची ऑइलची वाटी पाइपसकट सोडवून सरळ उभी लटकवून ठेवा, लिव्हर दाबू नका. वाटी आडवी झाली तर आत हवा शिरण्याची भीती. द्रव दाबला जात नाही म्हणून बोटांचा जोर चाकापर्यंत पोचतो; हवेचा बुडबुडा तो जोर मध्येच गिळतो.

जुन्या नळीच्या मध्यभागी बारीक खरबरीत पट्टे दिसतील. क्लॅम्पमध्ये नळी फिरू नये म्हणून ते मुद्दाम पाडलेले असतात. बऱ्याच हँडलवर टोचून केलेली एक खूण असते. ती क्लॅम्पच्या फटीशी जुळवायची. स्विचच्या डबीच्या आत एक छोटी खुंटी असते आणि तिच्यासाठी जुन्या नळीला भोक असतं. नव्या नळीला ते नसलं, तर अनेकजण खुंटी घासून टाकतात. मग स्विच सैल होऊन ग्रिपजवळ फिरायला लागतो. नीट मोजून छोटं भोक पाडावं आणि त्याची कड गुळगुळीत करावी, कारण तड तिथूनच सुरू होते.

सगळं बसलं की गाडी न्यूट्रलमध्ये चालू करा आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. इंजिनचा आवाज जराही वाढला, तर एक्सलेटरची वायर ताणली जाते आहे आणि एखाद्या यू-टर्नला गाडी आपणहून पळेल. वायर दुसऱ्या वाटेनं न्या किंवा लांब घ्या. तोवर गाडी रस्त्यावर काढू नका.

ग्रिपच्या टोकाला बसवलेली वजनं शोभेची वाटतात, पण काढू नका. एका सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांवर सेकंदाला शंभरदा हादरतं. तळहातातल्या, कंपनं टिपणाऱ्या पाचिनीच्या कणिकांना त्याहून जलद, सेकंदाला दोनशे ते तीनशेची कंपनं सगळ्यात जास्त जाणवतात, एक मायक्रॉनहून लहान असली तरी. वजनामुळे हँडलची स्वतःची थरथर इंजिनच्या नेहमीच्या थरथरीपासून दूर सरकते आणि हाताला मुंग्या येत नाहीत.

राहिले क्लॅम्पचे बोल्ट. किती न्यूटन-मीटरला आवळायचे आणि आधी पुढचे की मागचे, हे गाडीच्या पुस्तिकेत असतं, तेच पाळावं. पाना फिरवताना लावलेल्या जोरापैकी साधारण नव्वद टक्के जोर घर्षणात जातो, उरलेल्या दहाच टक्क्यांनी बोल्ट ताणला जातो आणि तोच ताण नळी पकडून ठेवतो. ऐरोलीत खाडीच्या खाऱ्या हवेमुळे बोल्ट गंजतात, म्हणून आट्यांना ग्रीस फासण्याचा मोह होतो. पण घर्षण कमी झालं की त्याच आकड्याला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो, आणि ॲल्युमिनियमचे आटे उपटून येतात. पुस्तिकेत सांगितलं नसेल तर आटे स्वच्छ, कोरडे ठेवून आवळा, आणि ग्रीसचा पातळ हात नंतर फक्त बोल्टच्या डोक्यावरून फिरवा.