मर्मावर हात, पण जपून

भूम तालुक्यात खव्याच्या भट्टीवर कधी थोडा वेळ बसून पाहा. कढईतले दूध आटत आले की ते क्षणभरही हलवायचे थांबता येत नाही. थांबले की खाली लागलेच. साधारण चार-पाच लिटर दूध आटते तेव्हा कुठे किलोभर खवा पदरात पडतो. तोवर उलथणे धरलेला हात सारखा चालू. काही ठिकाणी आता यंत्राच्या कढया आल्या आहेत, पण सगळ्यांना त्या परवडत नाहीत. असे काम उरकून घरी आलेली बाई बसल्याबसल्या डाव्या हाताच्या अंगठ्याने उजवे मनगट चोळत असते. धारा काढणाऱ्याचेही तेच. आणि ऊसतोडीहून परतलेला गडी कमरेवर हात ठेवूनच उठतो, हे काय सांगायला हवे?

त्या बाईचा अंगठा न शिकवता जिथे जातो, त्या जागेला आयुर्वेदात नाव आहे. मणिबंध. हे एक मर्म आहे.

मर्म म्हणजे मांस, शिरा, स्नायू, हाडे आणि सांधे जिथे एकत्र येतात ती नाजूक जागा. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सहाव्या अध्यायात अशी 107 मर्मे सांगितली आहेत. प्रत्येक हातापायात अकरा, म्हणून चव्वेचाळीस. पोट आणि छाती मिळून बारा, पाठीत चौदा, आणि मानेपासून वर सदतीस. आकारही दिले आहेत, तेही ज्याच्या त्याच्या बोटाच्या मापाने: मनगट व घोटा दोन बोटे, गुडघा व कोपर तीन बोटे.

पण ही यादी कशासाठी केली, हे नीट समजून घ्यायला हवे. सुश्रुत हा शस्त्रक्रिया करणारा वैद्य. बाण लागलेला, तलवारीचा वार झालेला माणूस समोर आला तर कुठली जखम जिवावर बेतेल, कुठली लंगडे करील, आणि आपले शस्त्र कुठे चालवायचे नाही, हे त्याला शिष्यांना शिकवायचे होते. म्हणून मर्मांची विभागणी त्याने गुणावरून न करता धोक्यावरून केली. एकोणीस मर्मे अशी की घाव बसला तर लगेच प्राण जातो. तेहेतीस ठिकाणी मरण काही काळाने येते. चव्वेचाळीस ठिकाणी व्यंग राहते. तीन ठिकाणी रुतलेला बाण आत आहे तोवर माणूस जगतो, उपटून काढला की जातो. त्यांपैकी एक म्हणजे दोन भुवयांमधली, आपल्या बायाबापड्या कुंकू लावतात ती जागा. उरलेल्या आठ ठिकाणी जिवाला धोका नाही, पण वेदना फार. ही आठही मनगट आणि घोट्याच्या आसपासच आहेत. खव्याच्या भट्टीवरच्या बाईला हे वेगळे सांगायला नको!

अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात क्षिप्र नावाचे मर्म आहे. तिथे जखम झाली तर झटके येऊन मरण येते, असे सुश्रुत म्हणतो. आजच्या डॉक्टरांना हे वर्णन वाचून धनुर्वात आठवतो. ज्वारी काढताना विळा हाच बेचका धरतो. तेव्हा तिथे लागले तर हळद दाबून पुन्हा पातीला लागू नका. जखम साबणाने धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायचे का ते विचारा.

मर्मांचे हे ज्ञान पुढे मालिशवाल्यांच्या हाती आले. केरळात कळरीच्या गुरूंनी ते जपले. शिष्याला मार बसला की बरा करण्याचे कामही त्यांचेच. आपल्याकडे तालमीत पैलवानाचे अंग रगडणाऱ्यालाही कुठली जागा कशी हाताळायची याची जाण असते, भले त्याला मर्माचे संस्कृत नाव ठाऊक नसेल. खरा जाणकार कसा ओळखावा? त्याचा हात मर्माजवळ आला की हलका होतो. जो तिथेच जोर लावतो आणि ‘दुखल्याशिवाय गुण येत नाही’ म्हणतो, त्याच्यापासून चार हात दूर राहिलेले बरे.

हे मी अनुभवाने सांगतो. माझ्या चुलत बहिणीचा मुलगा बारा वर्षांचा असताना त्याचे एकदा बेंबीभोवती दुखू लागले. घरच्यांनी ठरवले, वाटी सरकली. गावातल्या एका जाणत्याने तेल लावून पोट दाबले, बेंबीवर दिवा ठेवून वर तांब्या पालथा घातला. पोराला रात्री जरा बरे वाटले, म्हणून सगळे निर्धास्त झाले. दुसऱ्या दिवशी दुखणे उजवीकडे खाली उतरले, उलट्या झाल्या, अंग तापले. जाणता पुन्हा आला, पुन्हा दाबले. तिसऱ्या रात्री जीप करून त्याला बार्शीला नेले तेव्हा आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, आत फुटलेले होते. ऑपरेशन झाले, मुलगा वाचला. दोन शेरड्या आणि बहिणीचे गळ्यातले गेले. त्या जाणत्याच्या मनात वाईट काहीच नव्हते, त्याने पैसाही घेतला नाही. पण तो ज्या आयुर्वेदाचे नाव घेत होता, त्याच आयुर्वेदात नाभी हे लगेच प्राण घेणाऱ्या एकोणीस मर्मांपैकी एक आहे. दुखणाऱ्या पोटावर कोणाचा हात पडू देऊ नका, बस्स.

बाळाच्या टाळूचेही तसेच. डोक्यावरच्या सांध्यांना सुश्रुताने सीमंत हे मर्म म्हटले आहे, आणि माथ्यावर अधिपती. बाळाची पुढची टाळू साधारण दीड वर्षात भरते. न्हाऊ घालणाऱ्या बाईने तेलाचा हात वरून हलकेच फिरवावा, टाळू दाबून ‘बसवू’ नये. नाका-कानात तेलही सोडू नये.

बाळंतिणीची एका पायाची पोटरी सुजली, गरम लागली, तर ती चोळू नये. शिरेत गुठळी असली तर चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. पडून हाड दुखावले असेल, पायाला बधिरपणा आला असेल, लघवीवरचा ताबा गेला असेल, तर तेलाची वाटी बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. आणि मर्म दाबून साखर उतरते, मुतखडा विरघळतो असे कोणी म्हणाले, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

मग चोळण्याचा उपयोग नाहीच का? आहे तर. चरकाने तेल लावलेल्या शरीराला वंगण घातलेल्या आसाची उपमा दिली आहे. बैलगाडीवाल्या घराला ती लगेच पटेल. वाग्भटाने रोज तेल लावायला सांगितले, निदान डोके, कान आणि तळपाय यांना तरी. आपण ते दिवाळीतल्या एका पहाटेवर आणून ठेवले. काम करून आखडलेली कंबर, मनगट, खांदा यांना चोळण्याने काही दिवस आराम पडतो, हे आजचे वैद्यकही मानते. तिळाचे तेल उत्तम, पण आपल्याकडे करडईचे घरात असते, तेही चालेल. कोमट करावे. हातापायावर लांब हात फिरवावा, सांध्यावर गोल. मर्माच्या जागी अंगठ्याचे पेर नुसते टेकवून हळू फिरवावे; चोळून घेणाऱ्याचा श्वास अडला की समजावे, जोर जास्त झाला. जेवल्यावर, अजीर्ण असताना, तापात मात्र नको. दुखणे जुने असेल तर धाराशिवला, म्हणजे जुन्या उस्मानाबादेत, शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. तिथल्या शिकलेल्या वैद्याला दाखवावे.

तळपायाच्या मधोमध, मधल्या बोटाच्या रेषेत, तलहृदय नावाचे मर्म आहे. रात्री तळव्यांना तूप किंवा तेल लावून काशाच्या वाटीने घासायची आपली जुनी रीत. पाच-दहा मिनिटांत तेल काळपट होते, आणि म्हातारी माणसे म्हणतात, अंगातली उष्णता निघाली. तो काळेपणा काशातल्या धातूचा असतो, उष्णतेचा नाही. झोप मात्र छान लागते.