काचेवरच्या ठिपक्यांची रांग

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९४९ साली एक महिला संशोधक रुजू झाल्या. संस्थेतल्या त्या पहिल्याच. नाव बिभा चौधुरी. मूलकणांच्या मागे या बाईंनी आयुष्याची जवळजवळ पन्नास वर्षे घालवली, पण आपल्यापैकी किती जणांनी त्यांचे नाव ऐकले असेल?

त्यांचा जन्म १९१३ चा, कोलकात्याचा. १९३६ साली त्या एम.एस्सी. झाल्या तेव्हा वर्गात दुसरी मुलगी नव्हती. पुढे बोस इन्स्टिट्यूटमध्ये देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर त्यांचे काम सुरू झाले. काम कसले, तर विश्वकिरणांतले कण हुडकण्याचे. मेसॉन नावाचे कण निर्माण करू शकेल असे यंत्र तेव्हा जगात कुठेच नव्हते. आकाशातून मात्र ते आपोआप येत होते, तेही फुकट! हवेचा थर त्यांना अडवतो, म्हणून उंच जागा हवी. दार्जिलिंगला आणि त्याच्याही वर, सुमारे बारा हजार फुटांवरच्या संदकफूला फोटोच्या काचा महिनोन्‌महिने ठेवून दिल्या गेल्या.

विद्युतभारित कण काचेवरच्या लेपातून गेला, की वाटेतल्या चांदीच्या क्षारावर त्याची खूण राहते. काच धुतली की सूक्ष्मदर्शकाखाली ठिपक्यांची रांग दिसते. जड कण सरळ जातो, हलका ठेचकाळत जातो. रांग किती दाट, किती वाकडी, हे मोजून कणाचे वस्तुमान काढायचे. डोळ्यांची परीक्षाच ती! उत्तर आले इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०० पट. १९४० ते १९४२ या काळात हे काम 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले.

पण महायुद्ध पेटले होते. अधिक संवेदनशील काचा मिळेनात आणि काम तिथेच थांबले. मेसॉन मुळात दोन होते: २७३ पट जड पायॉन आणि २०७ पट जड म्यूऑन. सेसिल पॉवेल यांच्या गटाने १९४७ मध्ये सुधारित लेप वापरून पायॉनपासून म्यूऑन होताना दाखवला. १९५० चे नोबेल पॉवेल यांना मिळाले. पुढे आपल्या ग्रंथात त्यांनी बोस-चौधुरींच्या कामाची दखलही घेतली. 'आपले नोबेल हुकले' असे सर्रास म्हटले जाते. मला ते पुरते पटत नाही. वाट यांनी आधी धरली हे खरे, पण दोन कण वेगळे ओळखणे त्या काचांना शक्यच नव्हते.

बिभाबाई मात्र थांबल्या नाहीत. १९४५ मध्ये मँचेस्टरला ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. तिथल्या एका वृत्तपत्राला मुलाखत देताना, भौतिकशास्त्रात बायका इतक्या थोड्या याची त्यांनी खंत बोलून दाखवली. मग मुंबई, अहमदाबाद, कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर चाललेले प्रयोग आणि शेवटी पुन्हा कोलकाता. १९९१ मध्ये त्या गेल्या.

२०१९ साली आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेच्या उपक्रमात एका ताऱ्याला 'बिभा' हे नाव मिळाले. त्याच्या ग्रहाचे नाव 'संतमस'. तारा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, दुर्बीण लागते.