काळवीट सेकंदाला बावीस मीटर पळतो, तुमच्या शटरचं काय?

जीव खाऊन पळणारा काळवीट ताशी ८० किलोमीटरच्या घरात जातो. म्हणजे सेकंदाला २२ मीटर. डीएसएलआरचं शटर १/५०० सेकंदच उघडं राहिलं, तरी तेवढ्यात तो जवळपास साडेचार सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. शटर १/२००० ठेवलं तर हाच आकडा सेंटिमीटरभरावर येतो. कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरी अभयारण्यातून हललेले फोटो घेऊन येणाऱ्यांनी लेन्सला नावं ठेवण्याआधी हा हिशेब करून पाहावा. माझं मत पक्कं आहे: अहिल्यानगर जिल्ह्यात फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा काचेमुळे नाही. ऊन, वारा, धुकं, गवत आणि आपले हात, ही खरी कारणं. १८-५५ आणि ७०-३०० अशा साध्या झूमवरही कडक शार्प फोटो मिळतो. कुठे काय आडवं येतंय, तेवढं ओळखता आलं पाहिजे.

रेहेकुरीचा माळ

१९८० साली जाहीर झालेलं हे अभयारण्य जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं आहे. जागा छोटी आणि माळ उघडा, त्यामुळे काळवीट दिसण्याची अडचण नसते. अडचण येते फोकसची. कॅमेऱ्याला सगळे फोकस पॉइंट मोकळे दिले की तो सर्वांत जवळची वस्तू पकडतो, आणि माळावर सर्वांत जवळ असतं गवत. मग पात्यावरचं कुसळ न् कुसळ स्पष्ट आणि मागचा काळवीट धुरकट. एकच पॉइंट निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. नराच्या काळ्या तोंडावर डोळ्याभोवती पांढरंशुभ्र कडं असतं. ऑटोफोकसला हवा असतो उजेड-अंधारातला ठळक फरक, आणि काळं-पांढरं जिथे भिडतं त्या रेषेइतकी चांगली जागा त्या अख्ख्या जनावरावर दुसरी नाही.

आता हाताचा हिशेब. जुना ठोकताळा असा की शटरचा वेग निदान ‘एक भागिले फोकल लेंथ’ हवा. पण क्रॉप सेन्सरवर ३०० मिलिमीटरची लेन्स ४५० सारखी वागते, म्हणून हातात धरून १/५०० च्या खाली उतरू नये. लेन्सवर व्हीआर किंवा आयएस लिहिलेलं असेल तर थोडी सूट मिळते. १९९५ मध्ये कॅननची ७५-३०० आयएस आली, तेव्हापासून ही सोय बदलत्या लेन्सच्या कॅमेऱ्यांवर मिळू लागली. मात्र ती सावरते तुमचा हात. काळविटाचे पाय ती थांबवू शकत नाही, तिथे शटरच हवं.

आणखी एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा. ३०० मिलिमीटर, एफ/५.६ आणि काळवीट ५० मीटरवर असेल, तर शार्प पट्टा सहा मीटरच्या आसपास मिळतो. तोच प्राणी दहा मीटरवर आला तर पट्टा उरतो फक्त २५ सेंटिमीटरचा. पीळदार शिंगांची टोकं शार्प आणि डोळा मऊ, असा फोटो हाती येतो तो इथे. स्वस्त झूम शेवटच्या टोकाला थोडे मऊ पडतात हेही खरं. ३०० वरून २५० वर या, एफ/८ करा, फरक स्क्रीनवर लगेच दिसेल.

दहा वाजले की थांबा

उन्हाळ्यात सकाळचे दहा वाजले की माळाची जमीन तापते आणि हवा थरथरू लागते. गरम-गार हवेचे थर प्रकाशाला कमीजास्त वाकवतात. डोळ्यांना हे फारसं जाणवत नाही, ३०० मिलिमीटरवर मात्र काळविटाची कडाच विरघळते. इथे कितीही महाग लेन्स लावा, उपयोग शून्य. परीक्षा सोपी आहे: स्टँडवरून लागोपाठ दहा फोटो काढा. प्रत्येकात धूसरपणा वेगळ्या जागी दिसला तर दोष हवेचा. सगळ्यात सारखाच दिसला तर दोष फोकसचा.

गाडीतून फोटो काढणाऱ्यांसाठी खास सूचना. इंजिन चालू असेल तर बॉनेटवरची गरम हवा लेन्सपुढे नाचते. एसी लावून काच खाली केली तर गार आणि गरम हवा बरोबर लेन्सच्या तोंडाशी मिसळते, म्हणजे थरथर आपणच तयार केली. दोन्ही बंद करा, पाच मिनिटं थांबा, मग कॅमेरा उचला.

चांदबिबीचा महाल चांदबिबीचा नाही

ती कबर सलाबतखानाची, निजामशाहीच्या मंत्र्याची. शाह डोंगरावरची ही अष्टकोनी तीन मजली वास्तू अशा उघड्यावर आहे की वारा ट्रायपॉडलाही हलवतो. मधला दांडा वर काढू नका. बॅग दांड्याला अशी अडकवा की तिचा तळ जमिनीला टेकलेला राहील. लोंबकळती बॅग वाऱ्याने झुलते आणि उलट हादरे देते. ट्रायपॉड पक्का बसला की बहुतेक जुन्या लेन्सचं व्हीआर किंवा आयएस बंद करावं, नाहीतर ते नसलेलं हलणं शोधत बसतं. वरून नगर शहराचा लांबचा फोटो हवा असेल तर पाऊस पडून गेल्यानंतरची सकाळ गाठा, हवेतली धूळ खाली बसलेली असते.

निघोजला एफ/२२?

पारनेर तालुक्यातल्या निघोजला कुकडीने बेसाल्टमध्ये रांजणखळगे कोरले आहेत. पाण्यातले दगडगोटे भोवऱ्यात गरगरत राहिले आणि त्यांनी कातळ गोल घासून काढला. तिथे पाणी रेशमी दिसावं म्हणून भर उन्हात शटर मंद करायचं, तर बरेच जण छिद्र एफ/२२ पर्यंत लहान करतात. इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर प्रकाशाचा एक ठिपका तब्बल सात पिक्सेल रुंद होतो, आणि खळग्यांच्या कडांवरची ती सुंदर खरबरीत झीज पुसून जाते. एफ/८ किंवा एफ/११ वरच राहा आणि लेन्सवर उजेड कमी करणारा एनडी फिल्टर चढवा.

इथेच आरशाचाही त्रास होतो. डीएसएलआरमध्ये फोटोच्या क्षणी आरसा फटकन वर उडतो. त्याचा हादरा सर्वाधिक जाणवतो तो साधारण १/३० ते १/२ सेकंदाच्या शटरला, म्हणजे नेमका पाण्याच्या फोटोंना. लाइव्ह व्ह्यू चालू करा, दोन सेकंदांचा टायमर लावा.

अकोल्याच्या डोंगरात

अकोले तालुका तोच ज्यात १,६४६ मीटरचं कळसूबाई उभं आहे. मेअखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंत भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडी इथे काजव्यांनी झाडं लखलखतात. अंधारात ऑटोफोकस चाचपडत राहतो, म्हणून उजेड असतानाच झाडाच्या बुंध्यावर फोकस करून लेन्स मॅन्युअलवर टाका आणि फोकसची रिंग चिकटपट्टीने बांधा. झूमची रिंगही बांधा. कारण बहुतेक झूममध्ये फोकल लेंथ बदलली की फोकस सरकतो, आणि कॅमेरा वर तोंड करून ठेवला तर ढिली झूम आपोआप घसरते. पुढे २० ते ३० सेकंदांचे बरेच फोटो काढून संगणकावर एकत्र करायचे. इतक्या लांब वेळेत आरशाचा हादरा दिसतही नाही. फ्लॅश आणि टॉर्च मात्र कटाक्षाने बंद. काजव्यांची उघडझाप ही नरमादीची खूण असते, तुमच्या उजेडाने ती मोडते. एका फोटोसाठी त्यांचा हंगाम बिघडवणं मला मुळीच मान्य नाही.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर धुकं हेच संकट. धुक्यात कडाच नसतात, त्यामुळे लेन्स मागेपुढे फिरत राहते. एकोणिसाव्या शतकात कर्नल साईक्सने इथलंच इंद्रवज्र पाहिल्याचं सांगतात: पाठीशी ऊन, समोर दरीत ढग आणि त्यावर गोल इंद्रधनुष्य, मधोमध आपलीच सावली. ते काही क्षणांत विरतं, म्हणून तयारी आधीच हवी. कड्याच्या दूरच्या धारेवर फोकस करून लॉक करून ठेवा. पुढचा कातळ आणि मागचं कोकण दोन्ही शार्प हवं असेल तर १८ मिलिमीटर, एफ/८, फोकस दोन मीटरवर. एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पट्ट्यात येतं.

निघण्याआधी घरी

इतकं सांभाळूनही फोटो मऊ येत असेल तर संशय कॅमेरा-लेन्सच्या जोडीवर घ्या. भिंतीवर वर्तमानपत्र सपाट चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, लेन्सचं छिद्र पूर्ण उघडा. एक फोटो व्ह्यूफाइंडरने फोकस करून, दुसरा लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठं करून हाताने फोकस करून. दुसऱ्यातली बारीक अक्षरं स्वच्छ आणि पहिल्यातली पुसट असतील, तर ऑटोफोकस पुढेमागे पडतोय. मधल्या आणि वरच्या किमतीच्या कॅमेऱ्यांत हे दुरुस्त करायचा मेनू असतो. साध्या कॅमेऱ्यात तो नसेल तर बॉडी आणि लेन्स दोन्ही मिळून सर्व्हिस सेंटरला द्या, एकटी लेन्स पाठवू नका.