बोटभर योद्धा आणि त्याच्या पायाखालची भूमी

एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकाद्वारे खेळण्यातील सैनिकांच्या लढायांना नियमांची सनद बहाल केली खरी. परंतु त्या कवायती शिपायांच्या शेजारी ऑर्क, अस्थिपंजर आणि ड्रॅगन यांची फौज मोठ्या प्रमाणावर उभी राहिली ती इंग्लंडातील नेवार्क येथे १९७९ साली निघालेल्या सिटाडेल मिनिएचर्स या कारखान्यामुळे व १९८३ सालच्या ‘वॉरहॅमर’ या खेळामुळे.

या फौजेतील सुमारे ३ सेंटिमीटर उंचीची मूर्ती रंगविताना तिच्यावर प्रथम अस्तराचा हात द्यावा लागतो, कारण त्यावाचून अॅक्रिलिक रंग धातूवर वा प्लॅस्टिकवर टिकत नाही. मूळ रंग वाळल्यावर पातळ गडद रंग सोडला, की तो आपसूक चुण्यांत उतरून छाया निर्माण करतो; आणि जवळजवळ कोरडा करून घेतलेला ब्रश हलकेच फिरविला, की केवळ उंचवटेच उजळतात. डोळ्यांच्या बुबुळांविषयी मात्र न बोललेलेच बरे!

मूर्तीच्या पायाखालच्या बैठकीकडे पुष्कळांचे दुर्लक्ष होते, आणि हाच माझ्या मते या छंदातील सर्वांत अक्षम्य कसूर होय. अवघ्या २५ मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर पांढरा गोंद, चाळलेली वाळू, बुचाचा तुकडा आणि नायलॉनचे गवत एवढ्या जिनसांनी रणभूमी साकारते, व साधारण रंगविलेला शिपाईही तीवर रुबाबदार दिसू लागतो.

नवशिक्याने पहिला प्रयोग सेनापतीवर न करता पिछाडीच्या एखाद्या अनामिक प्याद्यावर करावा.