बालवाडीतल्या मुलांचा पोळा : थोडी पूर्वतयारी



गेल्या वर्षी पोळ्याला आपल्या मंडळाने लहान मुलांसाठी ‘बैल सजवा’ स्पर्धा ठेवली होती. टेबलावर मांडलेले बैल बहुतेक आईवडिलांनी रात्री जागून केलेले किंवा बाजारातून आणलेले होते. तीन-चार वर्षांची मुले नुसती खुर्चीवर बसून राहिली. बक्षीस न मिळालेली दोघे रडली. एका मुलीने मला विचारले, “आजोबा, बैल म्हणजे गायच ना?” स्पर्धेची कल्पना माझीच होती, त्यामुळे दोष दुसऱ्या कोणाला देता येत नाही.

मुलीचेही काय चुकले? कोसाडच्या रस्त्यावर गाय रोज दिसते, जुंपलेला बैल दिसत नाही. आपल्यातले बहुतेक जण तापी लाइनच्या गाडीने अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारकडून इकडे आलेले. आमच्या घरची बैलजोडी १९७२ च्या दुष्काळात गेली. तेव्हा मी शाळेत होतो. त्या वर्षी शेतात काही उगवले नव्हते, तरी वडिलांनी बैलांचे खांदे हळद-लोण्याने मळले, जुन्याच झुली घातल्या, पोळा केला. जोडी विकली ती त्यानंतर. पीक नाही तर पोळा कशाला, असे मी विचारल्याचे आठवते. ते म्हणाले, “बैलांनी काम केलं ना?”

पोळा श्रावण अमावास्येला येतो. तेव्हा खरिपाची पेरणी, कोळपणी उरकलेली असते, पण कापूस-ज्वारी अजून शेतात उभी असते. माझी नात अमेरिकेत बालवाडीत जाते. तिथे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असते. पीक घरात आल्यावर आभार मानण्याच्या चालीतून तो सण आला आणि १८६३ मध्ये अध्यक्ष लिंकन यांनी तो देशभर पाळण्याचे जाहीर केले. आपला पोळा पीक हाती येण्याआधीच होतो. आभार कष्टाचे असतात, उत्पन्नाचे नाही. मुलांपर्यंत एवढे पोचले तरी पुष्कळ.

नातीने मागे व्हिडिओ कॉलवर एक चित्र दाखवले. कागदावर रंगवलेल्या पंजाचा ठसा, अंगठा म्हणजे टर्की पक्ष्याचे डोके आणि चार बोटे म्हणजे पिसारा. मी फोन उलटा धरला होता. उलट्या ठशात चार बोटांचे चार पाय झाले, अंगठ्याची मान झाली, आणि मला तो थेट बैल दिसला! घरी करून पाहिले, जमते. हाताला रंग लावायचा, ठसा घ्यायचा, कागद फिरवायचा. शिंगे आणि शेपूट मूल स्वतः काढील. रंग हळदीचा आणि बिटाच्या रसाचा घ्यावा, कारण या वयात हात तोंडात जातोच.

मातीचा बैल करायचा असेल तर पोळ्याच्या पाच-सहा दिवस आधी बसा. सुरतेच्या पावसाळी हवेत माती लवकर वाळत नाही. कणकेच्या बैलाला तर बुरशी येते, तो मोह टाळावा. पोळ्यानंतर चार दिवसांनी गणपती येतात, त्यामुळे शाडू माती तेव्हा बाजारात असतेच. माती आदल्या रात्री भिजवून ठेवावी. लहान मुलाला दोनच गोष्टी नीट येतात, गोळा करणे आणि वळणे. म्हणून बटाट्याएवढे धड आणि चार आखूड, जाड पाय एवढेच सांगावे. पाय बारीक केले की बैल बसतो. शिंगांना झाडूची काडी लावू नये, टोचते. बैल ओळखू आला नाही तरी चालेल, पण मोठ्यांनी त्याला हात लावायचा नाही. हे पाळणे आपल्यालाच जड जाणार आहे.

विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा असतो. चाकांचे लाकडी बैल दोरीने ओढत मुले निघतात. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे) गावचा तान्हा पोळा प्रसिद्ध आहे. आपल्याकडे लाकडी बैल नाहीत, पण कापडाच्या तागाखालच्या पुठ्ठ्याच्या नळ्या आहेत. धडाला नळी, चाकांना बाटलीची झाकणे. झुलीसाठी साडीच्या लेसचे तुकडे सुरतेत कोणाच्या घरी नाहीत? भोके पाडणे, कापणे मोठ्यांनी आधी उरकून ठेवावे. सुटे मणी आणि घुंगरू मात्र नकोत, कोणी गिळले तर पंचाईत.

खेळ दोनच ठेवू. गावात तोरणाखाली बैल जमतात, मानाची जोडी पुढे असते आणि तोरण तुटले की पोळा फुटतो. इथे दोघांनी आंब्याच्या पानांचे तोरण धरायचे आणि मुलांनी बैल ओढत खालून जायचे. मान सगळ्यांत लहान मुलाचा. शर्यत लावू नका, दोऱ्या एकमेकांत गुंततात. दुसरा खेळ भुलाबाईच्या खाऊचा. बंद डबा हलवायचा आणि आत काय आहे ते आवाजावरून ओळखायचे. शेंगदाणे, फुटाणे, खोबऱ्याचे तुकडे हे मोठ्यांना सोपे वाटते, पण मुले ‘बैल!’ सुद्धा म्हणतील. खाऊ देताना तीन-चार वर्षांच्यांना शेंगदाणे-फुटाणे नकोत, ठसका लागतो, केळे द्यावे. खाऊसकट सगळे पाऊण तासात आटोपावे.

एक काम घरचे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. त्या संध्याकाळी मुलाच्या हाताला थोडे तेल लावा आणि घरातल्या राबणाऱ्या माणसाचे खांदे त्याला मळू द्या. बारा तासांची पाळी करून लूमवरून आलेले वडील असतील, दिवसभर साड्यांना टिकल्या लावणारी आई असेल, नाहीतर आजी. लाजू नका. दुसऱ्या दिवशी कार्यक्रमात मुलाला एवढेच विचारू, “काल कोणाचे खांदे मळलेस?”

आपले गुजराती शेजारी श्रावणात बोळचोथीला गाय-वासराची पूजा करतात, त्यांना पोळा समजावून सांगावा लागणार नाही. त्यांची मुलेही बोलवा.

यंदा बक्षिसे नाहीत. ते पैसे पुरणपोळीला लावू. पुठ्ठ्याच्या नळ्या, झाकणे आणि लेसचे तुकडे पोळ्याच्या आधीच्या रविवारपर्यंत मंडळात आणून द्यावेत. कात्र्या माझ्याकडे चार आहेत, आणखी तीन-चार लागतील.